ग्राझालेमाला व्हॅन घेऊन जाताय? कबुतरांच्या खिंडीतून जाऊ नका

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. दक्षिण स्पेनमधल्या चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या गावांची सहल हिवाळ्यात कॅम्परव्हॅनने करणार असाल आणि नकाशा तुम्हाला झाहारा दे ला सिएराहून ग्राझालेमाला सीए-9104 या रस्त्याने पाठवत असेल, तर जाऊ नका. दिसायला अंतर सतरा-अठरा किलोमीटर आहे. आम्हाला दोन तास लागले, आणि ते दोन तास मला अजून झोपेत आठवतात.

रस्ता पुएर्तो दे लास पालोमास, म्हणजे कबुतरांच्या खिंडीतून जातो. खिंडीची उंची हजार मीटरहून जास्त. झाहाऱ्यात तळ्याकाठी स्वच्छ ऊन होतं, म्हणून दुपारी तीनला निघालो. पाचव्या-सहाव्या वळणानंतर धुकं उतरलं, ते इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. सहा मीटर लांब व्हॅन, आरसे धरून रुंदी अडीच मीटर, डावीकडचं स्टिअरिंग आणि रस्ता जेमतेम दोन गाड्यांपुरता. कठडा कुठे आहे, कुठे नाही. समोरून गाडी आली की कुणीतरी मागे जायचं, आणि दरीच्या बाजूला आम्ही. शेवटी नवरा टॉर्च घेऊन खाली उतरला आणि पुढे चालत राहिला. "अगं, अजून डावीकडे घे, अजून," एवढंच ऐकू येत होतं. मी ताम्हिणी आणि वरंधा दोन्ही घाट भर पावसात चालवलेत, पण तिथे निदान रस्ता ओळखीचा असतो.

व्हॅन भाड्याने देणाऱ्याने किनाऱ्यावरच्या मालागा शहरात सांगितलं होतं, "अंदालुसियात हिवाळा नसतोच, बिनधास्त जा." अंदालुसिया म्हणजे हा दक्षिण स्पेनचा प्रांत. मालागापुरतं ते खरं असेल. डोंगरात अजिबात खरं नाही. अटलांटिकवरून येणारे ओले वारे पहिल्यांदा अडतात ते याच डोंगरांना. त्यामुळे ग्राझालेमात वर्षाला सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि स्पेनमधल्या सगळ्यात ओल्या जागांमध्ये या गावाचं नाव घेतात. सह्याद्रीत होतं तेच, फक्त महिने उलटे. ग्राझालेमात जुलै कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. म्हणजे जानेवारीत तिथे व्हॅन नेणं हे जुलैत घाटात जाण्यासारखं आहे. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर मी रेनकोट बॅगेच्या तळाशी ठेवला नसता.

मग जायचं कसं? झाहाऱ्याहून परत अल्गोदोनालेसला या, ए-374 ने रोंदाच्या दिशेने निघा आणि उजवीकडे ए-372 धरून ग्राझालेमात शिरा. लांब पडतं, घाट यालाही आहे, पण रस्ता रुंद आहे. आणि निघायचं सकाळी अकरानंतर. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या फार पुढे आहे. जानेवारीत उजाडायलाच साडेआठ होतात, आणि सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. तीनला घाट चढायला घेणं ही आमची चूक होती.

दुसरा धडा गॅसचा. रोंदात पहिल्याच रात्री हीटर बंद पडला. पहाटे चारला आम्ही दोघं सगळे कपडे अंगावर चढवून बसलो होतो. सिलिंडर भरलेला, वजन लागत होतं, तरी ज्योत नाही. कारण आत ब्युटेन होतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूत बदलणं थांबवतं, आणि वापरताना सिलिंडर स्वतःच आणखी गार होत जातो, त्यामुळे बाहेर तीन-चार अंश असले तरी हाल होतात. प्रोपेन उणे चाळीसपर्यंत चालतं. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, म्हणून हा फरक आपल्या डोक्यातच येत नाही. रंगावर जाऊ नका, वर छापलेला शब्द वाचा: 'प्रोपानो' (propano) हवं, 'बुतानो' (butano) नको. किल्ली हातात घेण्यापूर्वी सिलिंडर स्वतः बघा. हीटर डिझेलवर चालणारा असेल तर प्रश्नच नाही, जास्त पैसे पडले तरी तीच व्हॅन घ्या.

आर्कोस दे ला फ्रोंतेराच्या जुन्या गावात व्हॅन चढवू नका. गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर इतरांच्या गाड्यांचे ओरखडे दिसतात, तेवढी पाटी पुरे. खाली लावा, चालत जा. सेतेनिललाही तसंच. कड्याखाली बांधलेली घरं पायीच बघायची आहेत. रोंदाचा 1793 मध्ये पुरा झालेला 98 मीटर उंच पूल सुंदर आहे, त्याबद्दल सगळेच सांगतात. ओल्वेऱ्याचे दोन दिवस छान गेले.

मुक्कामाचा नियम सोपा आहे. नीट पार्क केलेल्या व्हॅनमध्ये झोपणं म्हणजे पार्किंग, पण बाहेर खुर्ची, टेबल, छत काढलंत की ते कॅम्पिंग धरतात आणि दंड होऊ शकतो. काही गावांचे स्वतःचे वेगळे नियम असतात, पाटी वाचा. दुपारी दोन ते पाच बरीच छोटी दुकानं बंद, रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद. 5 जानेवारीच्या संध्याकाळी तीन राजांची (येशूच्या जन्माशी जोडलेल्या सणाची) मिरवणूक निघते, तेव्हा गावातला रस्ता मिळत नाही आणि 6 तारखेला सुट्टी. दूध-ब्रेड आधीच भरून ठेवा. भारतीय लायसन्सबरोबर आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट लागतं, आणि व्हॅन 3500 किलोच्या आतलीच घ्या.

ग्राझालेमात तिसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं. व्हॅन गावात ठेवून आम्ही त्याच खिंडीवर चालत गेलो. चढ आहे, पण चांगल्या बुटांत सहज जमतो. डोक्यावर गिधाडं घिरट्या घालत होती आणि पार खाली झाहाऱ्याचं निळं तळं दिसत होतं. नवरा ज्या वळणावर टॉर्च घेऊन उभा होता ते वळण त्याने मला दाखवलं. रस्त्याच्या कडेपासून खाली काहीच नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघं काही न बोलता तिथे उभे राहिलो. इतकी सुंदर जागा मी फार कमी पाहिली आहे, पण ती बघायची तर पायी.