काट्यांचं दुकान: आमची वाटचाल

इंदूरच्या सियागंजजवळ आमचं काटे-दुरुस्तीचं दुकान आहे. जागा दहा बाय बारा. 1976 चा वजनमापे कायदा येऊन दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा पप्पांनी दुरुस्तीचा परवाना काढला. आजोबा नगर जिल्ह्यातून इकडे आलेले. चर्चमधली उपासना हिंदीत, घरी मात्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत. नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय सुरूच होतो खोट्या तागडीपासून. पप्पा म्हणायचे, आपल्या धंद्याची पाटी देवाने आधीच रंगवून ठेवलीय.

तेव्हा काम दांडीच्या तराजूंचं. एका किराणेवाल्याचा तराजू आला, तो मला अजून दिसतो. पारड्याच्या तळाला चिंचेचा गोळा चिकटवलेला. पप्पांनी नखाने खरवडून काढला, तोलला. अकरा ग्रॅम. गिऱ्हाईक म्हणालं, पासंग आहे तो. पप्पा म्हणाले, "पासंग पारडी सारखी करायला असतो, शेठ. ही आधीच सारखी होती." गोळा बरणीत गेला. त्या बरणीत पुढे मेण, शिसं आणि एक लोहचुंबकही जमा झालं.

इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि आम्ही गारठलो. शिकायला खर्च, प्रमाणित वजनं घ्यायला खर्च, आणि बुडालो तर? जमलेले पैसे एफडीत ठेवले आणि उरलेल्या दांड्या घासत बसलो. अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय घेतला. धनी प्रवासाला जाताना तीन दासांकडे आपला पैसा सोपवून जातो, तो दृष्टान्त मी लहानपणापासून ऐकलेला, पण त्यांनी हिशेब मांडला. तिसऱ्याला मिळाला एक तालांत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर वीस वर्षांची मजुरी! तिसऱ्या दासाने एवढी रक्कम जमिनीत पुरली आणि जशीच्या तशी परत केली. पैही खाल्ली नाही. तरी धनी त्याला दुष्ट आणि आळशी म्हणतो. निदान सावकाराकडे ठेवली असतीस तर व्याज तरी आलं असतं, म्हणतो. मी तिरक्या नजरेने पप्पांकडे पाहिलं. ते बुटांकडे बघत होते. (एफडीला व्याज मिळतं, म्हणजे आम्ही सावकारापर्यंत तरी पोचलो होतो, असं मी घरी येताना म्हणाले. कोणी हसलं नाही.)

एफडी मोडली. इलेक्ट्रॉनिक काट्यातला लोडसेल म्हणजे काय ते मी शिकले: अॅल्युमिनियमचा ठोकळा, वजन ठेवलं की डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्या ताणल्या जातात आणि मिलिव्होल्टमध्ये तेवढा फरक पडतो. किती फरकाला किती ग्रॅम दाखवायचे, ते आम्ही भरतो आणि वर सील बसतं. काटा मारायला आता चिंच लागत नाही.

आता काटा मारायची जागा हीच, आम्ही भरतो तो आकडा. छावणीच्या धान्यबाजारातल्या एका आडत्याचे चौदा काटे आमच्याकडे होते. म्हणाला, किलोमागे वीस ग्रॅम इकडे सरकवून दे, वर्षाचं सगळं काम तुझं. मी नाही म्हटलं, चौदाही गेले. ती दिवाळी ओढगस्तीत गेली आणि मी पप्पांवर चिडले, जणू त्यांनीच नाही म्हटलं होतं. सील तोडायचा हक्क आम्हाला मिळालाय तो विकायला नव्हे, हे मला पटत होतं. फक्त त्या आठवड्यात परवडत नव्हतं.

पैशाच्या बाबतीत आमच्याकडे दोन वह्या. हे पप्पा इंदुरातच शिकले. अहिल्याबाई आज्ञापत्रावर 'श्री शंकर' लिहीत, दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा; दानधर्म करायचा तो खासगीतून. त्यांचा धनी वेगळा, आमचा वेगळा, पण कारभारी हा शब्द आमच्या शास्त्रातही आहे, आणि कारभाऱ्याने गल्ल्यात हात घालताना विचारायचं असतं. दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा, आमच्या वहीतून जातो. त्याआधी शनिवारी दिवस मावळायच्या आत पोरांचा पगार. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तसंच सांगितलंय. जीएसटी आपला नाहीच, त्याच्या जिवावर उदार व्हायचं कशाला? दशमांश एकूण आवकेवर की नफ्यावर, यावरून आई-पप्पांचं तीन वर्षं भांडण चाललं. आई जिंकली.

हाताखाली दोन पोरं तयार झाली. एकाने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान टाकलं आणि आमची तीन गिऱ्हाइकं नेली. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही. मग त्याला लोडसेल कमी पडला, तो माझ्याकडेच मागायला आला. दिला, उधारीवर, चिठ्ठी लिहून.

सोमवारी आमची स्वतःची वजनं तपासणीला न्यायची आहेत. दुसऱ्यांचे काटे ज्यांवर जोखतो, तीही दर दोन वर्षांनी वजनमापे खात्याच्या वजनांशी ताडून बघावी लागतात. लहान वजनं पेटीत, वीस किलोचं स्कूटरच्या पायदानावर, जुन्या साडीत गुंडाळून. पप्पा म्हणतात, गतिरोधकावर हळू जा, घासलं तर वजन घटतं.