तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे गरी (म्हणजे गळ) टाकायला कधी यायचं?

"दादा, तुमच्या भंडारा-गोंदियाला एवढे तलाव आहेत, फिशिंगला यायचंय, कुठल्या तलावावर जाऊ?" हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. विचारणारा बहुतेक पुण्या-मुंबईचा, नुकताच रॉड घेतलेला, आणि तीन दिवसांची सुट्टी टाकून मोकळा झालेला. आधी तिकीट काढतात आणि मग मला विचारतात, हे त्यातलं विशेष. दरवेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून यावेळी लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट, राजेहो, कुठला तलाव हा प्रश्नच नंतरचा. आधी विचारायचं की तलाव कोणाचा. आमच्याकडचे हे तलाव डोंगरात आपोआप साचलेली तळी नाहीत, माणसांनी पार, म्हणजे मातीचा बांध, घालून केलेले आहेत, गोंड राजांच्या काळापासून, आणि त्यात कोहळी लोकांचा, म्हणजे इथल्या तलाव बांधणाऱ्या शेतकरी समाजाचा, हात मोठा. नवेगाव बांधच्या मोठ्या तलावाचं नाव घेतलं की तो बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळीचं नाव येतंच. पुढे मालगुजारी आली, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार, 1950 च्या कायद्याने ती गेली, आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून कागदावर ते माजी मालगुजारी तलाव आणि बोलताना मामा तलाव. (एकाने खरंच विचारलं होतं, कोणाच्या मामाचा?) भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. पण त्यातला मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी गावच्या मच्छीमार सोसायटीकडे असतो, म्हणजे ढिवर लोकांकडे. त्यांनी पैसे भरलेले असतात, माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, विकत आणून सोडलेलं असतं, आणि त्यावर घरं चालतात. त्यामुळे रिकामा दिसतो म्हणून तलाव रिकामा नसतो.

हे मला मार खाऊन नाही पण शिव्या खाऊन कळलंय. काही वर्षांपूर्वी पुण्याचा एक मित्र आला, ऑक्टोबरचा महिना, त्याने सॅटेलाइट मॅपवर साकोलीच्या आसपासचा एक तलाव शोधून ठेवला होता, हिरवागार, जवळ रस्ता, लोक नाहीत, म्हणाला हाच. मीही गावचाच माणूस, मला काय कोण बोलणार, ह्या तोऱ्यात गेलो. सकाळी सहाला पारीवर बसलो, साडेसातला एक म्हातारा सायकल टेकवून मागे उभा. "कोन गावचे जी तुमी? कोनाले इचारून गरी टाकली?" मी गावाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. ऑगस्टमध्येच बोटुकली सोडली होती त्यांनी, बोटाएवढी पिल्लं, आणि आमच्या बादलीत निघाली नेमकी तीच, वीतभराची दोन रोहू. मित्र म्हणाला, काका पैसे देतो. म्हातारा म्हणाला, "पैसे देसान, पन थे मार्च महिन्यात दीड किलोची झाली असती, तवा देसान का?" आम्ही गुपचूप सोडून दिली, एक तर सोडेपर्यंत उलटीच झाली होती. त्यानंतर मी सोसायटीच्या अध्यक्षाला फोन केल्याशिवाय कोणालाही कुठे नेत नाही.

आता कधी यायचं. ऑक्टोबर हा असाही वाईटच, कारण आमच्याकडे तलाव मुळात धानासाठी आहेत, माशांसाठी नाही. धान निसवायला लागलं की पाऊस ओढ देतो आणि मग तुडूम उघडतात, म्हणजे पाणी सोडायची जागा. त्या दिवसांत पाणी रोज खाली उतरत असतं, आज जिथे बसलात तिथे उद्या चिखल. शिवाय अर्ध्या तलावात शिंगाडा लावलेला असतो, त्याच्या वेलात लाइन अडकली की गरीही गेली आणि शिंगाडेवाल्याच्या शिव्याही ठरलेल्या. पावसाळ्यात तर नकोच, जून ते ऑगस्ट मासोळी अंड्यावर असते, पोटात गाभोळी घेऊन फिरणारी मादी काढून फोटो टाकणाऱ्यांना मी सरळ ब्लॉक करतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, लहान तलाव तळाला जातात आणि सोसायटी जाळं ओढून सगळं काढून घेते, तेव्हा तुम्ही रॉड घेऊन काय करणार?

घरचे सोबत असतील तर डिसेंबर-जानेवारी. मासा थंडीत सुस्त असतो, पहाटे उठून काही फायदा नाही, दहानंतर ऊन चढलं की थोडा हलतो. पण तलावांवर बाहेरदेशचे बदक आलेले असतात, गोंदियाकडे गेलात तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसू शकते (लांबून बघा, महाराष्ट्रात तेवढेच उरलेत), आणि संध्याकाळी कुठल्यातरी गावात झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या ह्या भागातलं, नाटक असतंच. मासा नाही मिळाला तरी बायको-पोरं नाराज होत नाहीत.

पण खरं विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्च संपेपर्यंत. पाणी कमी झालेलं, कोमट व्हायला लागलेलं, सोडलेलं बीज बऱ्यापैकी वाढलेलं. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, तेव्हा तिन्हींसाठी एकाच खोलीवर गरी सोडून बसू नका. कणकेत थोडी शेंगदाण्याची ढेप मळायची, गोळी लहान ठेवायची, आणि बोलायचं कमी. आमच्या आजोबांकडे मोरपिसाची दांडी असायची तरंगायला, ती अजूनही मला त्या रंगीबेरंगी प्लास्टिकपेक्षा बरी वाटते, रोहू नुसती चाखत असली तरी तिच्यावर कळतं.

आणि मरळ! बहुतेक लोक तिच्यासाठीच येतात आणि बरोबरच आहे. मरळ वरून हवा घेते, दर थोड्या वेळाने पाण्यावर येते, तेवढा बुडबुडा बघायला डोळा लागतो. कमळाच्या पानांच्या कडेला, देवधानाच्या गवतात, जिथे पाणी कमरेएवढंच आहे तिथे ती असते, खोल पाण्यात शोधू नका. रबरी बेडूक चालतो, पानावरून सरकवत आणायचा आणि पाण्यात टपकन पडू द्यायचा. फटका बसला की लगेच ओढू नका, दोन आकडे मोजा. पण पाण्यावर लाल-नारिंगी पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर तिथून रॉड उचला, खाली आई-बाप राखणीला असतात, ते रागाने बेडकावर तुटून पडतात म्हणून तिथेच टाकणारे लोक आहेत. दोघांना काढलं की अख्खा घोळका दुसऱ्या माशांचा नाश्ता होतो. मला तरी त्यात मर्दुमकी वाटत नाही.

जागांबद्दल थोडक्यात. नवेगाव बांध बघायला जरूर जा, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, 1975 पासून, आता नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येतं, तेव्हा रॉड गाडीतच राहू द्या. इटियाडोह मोठं धरण, गाढवी नदीवरचं, तिथले झिंगे प्रसिद्ध, ते ढिवरांकडून विकत घ्या आणि जवळच गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे तिथे दुपार काढा. गरीसाठी मात्र मी गावचा लहान मामा तलावच सांगेन, मोठ्या धरणावर वारा फार आणि मासा कुठे ते नवख्याला कळत नाही. संध्याकाळी अंधाराच्या आधी पार सोडायची, आमच्याकडे पाण्यावर बिबट्याही येतो, कधीकधी त्याच्याहून मोठाही. मिशीवाला मासा लागला तर कडेच्या काट्याला हात लावू नका, कापडात धरा, रात्रभर हात ठणकतो.

यायचं सोपं आहे. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत, कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस, नाहीतर नागपूरला उतरून गाडीने भंडारा साठेक किलोमीटर आणि तसंच पुढे साकोली. पैशांचं विचारता म्हणून, सोसायटी काय घेईल ते गावागावावर आहे, आधी विचारा, घासाघीस करू नका, आणि मासा घरी न्यायचा असेल तर वजन करून त्यांच्या भावाने पैसे द्या. गड्याला सोबत घ्या एखाद्या, त्याला दिवसाची मजुरी द्या, तो तुमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवेल.

मार्चची तारीख ठरली तर पंधरा दिवस आधी कळवा, मी फोन करून ठेवतो. तो सायकलवाला म्हातारा आता ओळखतो मला, म्हणजे माफ केलंय असं नाही, पण ओळखतो. आणि गांडुळं पुण्याहून डब्यात भरून आणू नका, मागच्या वेळी एकाने रेल्वेत सांडली होती, आमच्या उकिरड्यात पाहिजे तेवढी आहेत.