आमची वाटचाल : लेआउटपासून मोजमापापर्यंत

सुरुवातीला आमच्याकडे रिले, सेन्सर, पॉवर सप्लाय अशी दोन लेयरच्या सर्किट बोर्डांच्या लेआउटची (आखणीची) कामं यायची. तिथे ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची वाट, इकडून तिकडे पोचली की काम झालं. यूएसबी २.० च्या सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत हे कसंबसं निभावतं. ५ गिगाबिटच्या यूएसबी ३.० ला मात्र ती सवय चालत नाही. एक बिट जेमतेम २०० पिकोसेकंदांचा, म्हणजे एफआर-४ वर (बोर्डाचं नेहमीचं काचतंतू-इपॉक्सी साहित्य) साधारण तीन सेंटिमीटर. वीतभर ट्रेसवर एका वेळी सहा-सात बिट धावत असतात.

ही कामं घ्यायची ठरली तेव्हाच आम्ही एक पथ्य घातलं : मोजल्याशिवाय बोर्ड हातावेगळा करायचा नाही. ते महागात पडलं. गर्बर फाइल (कारखान्याला द्यायचा बोर्डाचा नकाशा) पाठवून बिल करणाऱ्यांशी भावात टक्कर देणं आम्हाला आजही जमत नाही. टीडीआर (ट्रेसभर इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, कुठे बदलतो ते दाखवणारं यंत्र) आणि व्हीएनए (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल पार जातो ते मोजणारं यंत्र) तर आधी भाड्यानेच आणायचो. भाड्याचं मीटर पडत असल्यामुळे केबल, प्रोब, कॅलिब्रेशन किट सगळं आधीच मांडून ठेवलेलं असायचं.

मोजल्यावर काय दिसतं ते सांगतो. पीसीआय एक्सप्रेस ही संगणकातल्या भागांची वेगवान जोडणी; तिच्या ८५ ओहम इम्पिडन्सच्या ट्रेसजोडीवर कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारा भाग) येतो. त्याचा पॅड (डाग द्यायची तांब्याची जागा) ट्रेसपेक्षा रुंद, त्यामुळे टीडीआरची सपाट रेघ तिथे खड्ड्यात उतरते. पॅडखालचं ग्राउंडचं तांबं तेवढ्यापुरतं काढलं की खड्डा भरून येतो. किती काढायचं ते सिम्युलेशन सांगतं, पण प्रेसमध्ये प्रीप्रेग (लेयर चिकटवणारा राळेचा थर) किती दबला हे सांगणार कोण? म्हणून प्रत्येक पॅनलच्या कडेला आम्ही टेस्ट कूपन (मोजण्यापुरती नमुना पट्टी) मागतोच.

बॅकड्रिल म्हणजे व्हायाचा (लेयर जोडणाऱ्या तांब्याच्या छिद्राचा) बिनकामाचा भाग मागून ड्रिलने काढणं; त्याचा खर्च ऐकला की ग्राहक हमखास बिचकतो. जाड बोर्डात व्हायाचा अडीच मिलिमीटरचा बिनकामाचा तुकडा उरला, तर तो १५ गिगाहर्ट्झच्या आसपास सिग्नल गिळतो, आणि पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या सिग्नलचा बहुतेक भार १६ गिगाहर्ट्झच्या अलीकडे. व्हीएनएचा आलेख समोर ठेवला की घासाघीस थांबते.

हल्ली निम्मं काम दुसऱ्यांच्या अडलेल्या बोर्डांचं असतं. बहुतेकदा दोष सॉफ्टवेअरवर ढकललेला असतो आणि ट्रेसखालचा ग्राउंड प्लेन (सिग्नलचा परतीचा तांब्याचा थर) मधेच चिरलेला निघतो. दुरुस्तीनंतर बिट एरर चाचणी : ५ गिगाबिटला दहा मिनिटं एकही चूक नाही, तर लाख कोटी बिटांत एकापेक्षा कमी चूक असं ९५ टक्के खात्रीने लिहून देता येतं. लिहून देतो तेवढंच, जास्त नाही.

पीसीआय एक्सप्रेस ६.० मध्ये सिग्नलच्या चार पातळ्या आहेत. सगळे बिट एकावर एक ठेवून काढलेल्या आलेखातल्या मोकळ्या जागेला डोळा म्हणतात; एका डोळ्याचे तीन झाले, प्रत्येकाची उंची तिसऱ्या हिश्श्याची. त्यासाठी लो-लॉस लॅमिनेटच्या (सिग्नल कमी खाणाऱ्या बोर्ड-साहित्याच्या) कूपनांची मोजमापं सध्या चालू आहेत, कामं त्यानंतरच घेऊ.