शेवटचा 'व्हां' एकदाचा लागला!

हैतीच्या क्रेओल भाषेतली एक कविता गाण्यात बसवतोय, तिची तीन आठवडे अडकलेली ओळ काल रात्री बसली. कविता हैतीच्या राजधानीतल्या, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या एका मुलीची, तिची परवानगी आहे. हैतियन कवी जॉर्ज कास्तेरांची सध्या बाजूला ठेवलीये, ते २०२० मध्ये गेले आणि हक्कांसाठी कुणाला विचारायचं याचाच पत्ता लागत नाहीये.

क्रेओलमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर येतो आणि मी ओळ पहिल्या बीटवरच सुरू करत होतो, त्यामुळे सगळंच उलटं पडत होतं. मग बंदिशीसारखा मुखडा आधी उचलला, शेवटचं अक्षर समेवर सोडलं, आणि बाराच्या यानव्हालूत, म्हणजे त्या हैतियन तालात, ओगानच्या (लोखंडी घंटेच्या) ठोक्यावर ते असं काही आलं की अंगावर काटा!

पण ते शेवटचं अक्षर म्हणजे 'व्हां', वारा. नाकातला स्वर, शेवटी 'न' नाहीच. आणि मी दोन बार लांबवला की दम संपताना जीभ दाताला लागायची आणि व्हायचं 'व्हान', म्हणजे विकणं. आमचे तांबूवाले, म्हणजे हैतियन ढोल वाजवणारे, काका हात थांबवून म्हणाले, वारा कुठे राहिला यात? कंडेन्सर काढून साधा डायनॅमिक माइक लावला, सूर खाली घेतला, ओळ तोडून पाहिली, रेकॉर्डिंग स्लो करून ऐकलं तर दर वेळी अगदी शेवटी तो बारीक 'न'.

काल आईशी फोनवर बोलताना ती पलीकडे कुणाला तरी मालवणीत म्हणाली, "खंय?" आणि मी फोन ठेवून थेट माइकसमोर! 'खंय'मध्ये जीभ कुठेच टेकत नाही ना, तोच नाकातला आवाज धरून ठेवला आणि 'व्हां' शेवटपर्यंत उघडा राहिला. काकांना पाठवलं, त्यांचं एकच उत्तर, "आयिबोबो", हैतियन जयजयकारच तो. रात्रभर तेच ऐकत होतो.

तो ऑनलाइन घेतलेला हैतियन लूपचा पॅक मात्र कुणी घेऊ नका, बूला (छोटा तांबू) सरळ चारात कापलाय, तीन-तीनचा झोका पार गेलाय. खरे तांबूच हवेत, मोठा मांमां, मधला सेगों, छोटा बूला, तिन्ही.

पियानोचा मायनर इलेव्हन कॉर्ड त्या अक्षराखाली ठेवणार होतो, पण आत्ता लिहितानाच वाटतंय की तिथे पियानो नकोच. नुसता बूला आणि ओगान चालू, आवाज उघडा, आणि तो विरायच्या आत मांमांचा कासे, म्हणजे ताल तोडणारा ठोका. शनिवारी काका येतायत तेव्हा आधी हेच करून बघतो.