न्यू ऑर्डर, त्यांच्याच गावात: मँचेस्टरच्या मैफलीचा वृत्तांत

२४ ऑगस्ट २०२४ रोजी मँचेस्टरच्या दक्षिण भागातील विदनशॉ पार्कमध्ये न्यू ऑर्डर या बँडची खुल्या मैदानावरील मैफल झाली, आणि ती ऐकण्यासाठी मी पुण्याहून तेथे गेलो होतो. पोस्ट-पंक, म्हणजे पंक रॉकच्या लाटेनंतरच्या, परंपरेतून आलेले जे ब्रिटिश बँड आजही हजारोंच्या गर्दीपुढे वाजवतात, त्यांत द क्युअर आणि न्यू ऑर्डर ही नावे अग्रभागी आहेत. त्यांपैकी न्यू ऑर्डर ऐकायचा तर तो शक्यतो मँचेस्टरमध्येच ऐकावा, आणि मैफलीच्या आधी त्या शहरात थोडे चालावे, असे माझे मत या प्रवासात पक्के झाले. या बँडच्या इतिहासातील बहुतेक सगळ्या जागा पायी, ट्रामने किंवा अर्ध्या तासाच्या आगगाडीच्या प्रवासाने गाठता येतात. त्या पाहिल्यावर मैफलीच्या अखेरीस वाजणारी जॉय डिव्हिजनची, म्हणजे याच मंडळींच्या आधीच्या बँडची, गाणी एरवीपेक्षा फार वेगळी ऐकू येतात.

आरंभ पीटर स्ट्रीटवरील फ्री ट्रेड हॉलपासून करावा. १८१९ मध्ये मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ सोडून केलेले पीटरलूचे हत्याकांड ज्या मैदानावर घडले, त्याच जागी १८५० च्या दशकात ही वास्तू उभी राहिली, आणि ४ जून १९७६ रोजी तिच्यातील वरच्या छोट्या सभागृहात सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक जेमतेम चाळीसच्या आसपास होते असे सांगतात, पण त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे सॅलफर्डचे दोन शाळासोबती होते, आणि हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. गायक इयन कर्टिस आणि ड्रमवादक स्टीफन मॉरिस हे दोघे मॅकल्सफील्डचे तरुण पुढे त्यांना येऊन मिळाले आणि त्यातून जॉय डिव्हिजन तयार झाला. आज त्या वास्तूचे हॉटेल झाले असून जुना दर्शनी भाग तेवढा जपला आहे. आत पाहण्यासारखे फारसे उरलेले नसल्यामुळे रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून ती नीट न्याहाळावी आणि पुढे निघावे.

तेथून दहा-पंधरा मिनिटांवर व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्ट आहे. हासिएंडा हा क्लब २१ मे १९८२ रोजी येथेच उघडला, आणि तो फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीच्या व न्यू ऑर्डरच्या मिळकतीवर चालला. फॅक्टरीने आपल्या ध्वनिमुद्रिकांनाच नव्हे तर भित्तिपत्रकांनाही अनुक्रमांक दिले होते, आणि त्या यादीत या क्लबचा क्रमांक ५१ आहे. क्लब १९९७ मध्ये बंद पडला, नंतर इमारत पाडली गेली आणि त्या जागी त्याच नावाची निवासी इमारत उभी राहिली. समोरून पाहिले तर निराशा होईल, पण मागच्या बाजूला रॉचडेल कालव्याच्या काठाने क्लबचा वर्षवार इतिहास सांगणारी धातूची पट्टी भिंतीवर बसवलेली आहे, आणि ती सावकाश वाचावी. कालव्याच्या काठच्या लाल विटांच्या गिरण्या आणि गोदामे पाहताना मुंबईचे गिरणगाव ठाऊक असलेल्या माणसाला फार परके वाटणार नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात जेव्हा तिकडचा कापूस थांबला, तेव्हा याच परिसरातील गिरण्यांसाठी मुंबई बंदरातून कापूस गेला होता. ज्या उजाड, गिरण्या बंद पडलेल्या शहरात ही मुले वाढली, त्या शहराच्या संपत्तीत आपल्याकडच्या शेतकऱ्याचाही वाटा होता, हे मला तेथे उभे असताना प्रकर्षाने जाणवले.

ह्यूम भागातील एपिंग वॉकचा पादचारी पूल शहराच्या मध्यापासून चालत गाठता येतो. प्रिन्सेस रोडवरून जाणाऱ्या या पुलावर जानेवारी १९७९ मध्ये छायाचित्रकार केव्हिन कमिन्स यांनी बर्फात उभ्या असलेल्या जॉय डिव्हिजनचे छायाचित्र घेतले होते. आता आसपास झाडे वाढली आहेत, जुनी घरे गेली आहेत आणि खालून वाहने अखंड धावत असतात. फार वेळ नसेल तर हा पूल वगळला तरी चालेल. मॅकल्सफील्ड मात्र वगळू नये.

पिकॅडिली स्थानकातून मॅकल्सफील्डला जाणारी गाडी साधारण पंचवीस मिनिटांत पोहोचते. वाटेत स्टॉकपोर्ट लागते, जेथील स्ट्रॉबेरी स्टुडिओमध्ये निर्माते मार्टिन हॅनेट यांनी १९७९ मध्ये जॉय डिव्हिजनचा पहिला अल्बम 'अननोन प्लेझर्स' ध्वनिमुद्रित केला. त्या जुन्या स्टुडिओच्या इमारतीवर आता स्मृतिफलक आहे, आणि वेळ असल्यास तेथे उतरून पुढची गाडी धरता येते. मॅकल्सफील्ड स्थानकापासून प्रेस्टबरी रोडवरील स्मशानभूमीपर्यंत सुमारे वीस मिनिटे चालावे लागते. इयन कर्टिस यांनी १८ मे १९८० रोजी, बँडच्या पहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी, वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली. त्यांना अपस्माराचा गंभीर त्रास होता. त्यांचे स्मारक म्हणजे वाटेच्या कडेला बसवलेला एक बुटका, अरुंद दगड आहे, आणि त्यावर नाव, तारीख आणि 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' हे त्यांच्या गाण्याचे शीर्षक एवढीच अक्षरे कोरली आहेत. त्याच्या माथ्यावर आणि पायथ्याशी लोकांनी ठेवलेली नाणी, गिटार वाजवण्याच्या नख्या, पावसाने शाई पसरलेल्या चिठ्ठ्या आणि एक कॅसेट मला दिसली. मूळ दगड २००८ मध्ये चोरीला गेला होता, त्यामुळे हा नंतर बसवलेला आहे. येथून काहीही उचलू नये, आणि ज्या घरात ते राहत होते तेथे जाऊन दार वाजवणे किंवा खिडकीतून छायाचित्रे घेणे तर कटाक्षाने टाळावे.

कर्टिस गेल्यावर उरलेल्या तिघांनी जॉय डिव्हिजन हे नाव सोडले, मॅकल्सफील्डचीच गिलियन गिल्बर्ट त्यांच्यात आली आणि न्यू ऑर्डर उभा राहिला. त्यांची पहिली एकल ध्वनिमुद्रिका 'सेरेमनी' १९८१ मध्ये निघाली, आणि ते गाणे जॉय डिव्हिजनच्याच अखेरच्या काळातले आहे. पुढे न्यूयॉर्कमधील नृत्यक्लबांचे संगीत त्यांच्या कानावर पडले आणि मार्च १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' आले. शोकाच्या तळाशी असलेल्या माणसांनी लोकांना नाचवणारे संगीत निर्माण करावे, आणि त्यात तो शोक लपवूही नये, ही गोष्ट मला या बँडची सर्वांत मोठी कमाई वाटते.

मैफलीच्या दिवशी दुपारी विमानतळाकडे जाणारी ट्राम धरावी. विदनशॉ पार्क हा थांबा याच मार्गावर आहे, आणि त्याच मार्गावर त्याआधी बार्लो मूर रोड लागतो. तेथे उतरून थोडे चालले की सदर्न सेमेटरी येते. फॅक्टरीचे संस्थापक टोनी विल्सन, बँडचे व्यवस्थापक रॉब ग्रेटन आणि मार्टिन हॅनेट हे तिघेही याच स्मशानभूमीत विसावले आहेत. विल्सन यांचा काळा, तकतकीत ग्रॅनाइटचा दगड पीटर सॅव्हिल आणि बेन केली यांनी घडवला आहे. सॅव्हिल यांनी फॅक्टरीची वेष्टने रेखाटली आणि केली यांनी हासिएंडाची अंतर्रचना केली, आणि त्याच दोघांनी आपल्या मित्राचा शेवटचा दगड केला, हे ठाऊक असले की तो पाहण्याला अर्थ येतो. स्मशानभूमी खूप विस्तीर्ण असल्यामुळे नकाशा आधीच पाहून ठेवावा आणि संध्याकाळी दरवाजे बंद होण्यापूर्वी बाहेर पडावे.

त्या शनिवारी दुपारी मँचेस्टर सिटीचा इप्सविचविरुद्धचा सामना शहरातच होता, त्यामुळे ट्रामला सकाळपासून गर्दी होती. निवासाची नोंदणी करण्यापूर्वी दोन्ही फुटबॉल संघांचे वेळापत्रक अवश्य पाहावे, कारण सामन्याच्या दिवशी खोल्यांचे दर चढतात. आदल्या दिवशी उत्तर इंग्लंडवरून लिलियन वादळ गेले होते आणि पार्कातील गवताखालची जमीन मऊ होती. उन्हाळ्याचा महिना आहे म्हणून कापडी बूट घालून जाऊ नये. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट आणि टोपीचे पातळ जलरोधक जाकीट एवढे हवेच. छत्रीने मागच्यांचा मार्ग अडतो आणि बहुतेक मैदानांवर ती आत नेऊ देत नाहीत. पिशवीही साधारण ए-४ कागदाच्या आकारापेक्षा मोठी नसावी.

न्यू ऑर्डरच्या आधी नादिन शाह, रोशीन मर्फी आणि द स्मिथ्स या बँडचे माजी गिटारवादक जॉनी मार यांचे कार्यक्रम होते. मार हे विदनशॉमध्येच वाढले, आणि समनर यांच्याबरोबर त्यांनी इलेक्ट्रॉनिक हा बँडही चालवला होता, त्यामुळे त्यांचे स्वागत घरच्या माणसासारखे झाले. त्यांच्यासाठी तरी लवकर जावे. उभे राहण्यासाठी सर्वांत पुढची जागा धरण्याचा हट्ट मी सोडून दिला आणि ध्वनिनियंत्रणाच्या तंबूच्या थोडे पुढे, मध्यभागी उभा राहिलो. खुल्या मैदानावर वारा आवाज वाहून नेतो, आणि ध्वनी तंत्रज्ञ जेथे बसून ऐकतो तेथेच तो सर्वांत समतोल असतो, म्हणून ही जागा मी प्रत्येकाला सुचवेन.

ऑगस्टअखेरीस तेथे रात्री सव्वाआठच्या सुमारास सूर्य मावळतो. न्यू ऑर्डरच्या मैफलीत पडद्यावरील दृश्यांचा वाटा मोठा असतो आणि ती अंधारातच खुलतात. गायक समनर तेव्हा ६८ वर्षांचे होते. त्यांचा आवाज कधीही घडवलेल्या गायकाचा नव्हता आणि आता वरच्या पट्टीत तो पातळ होतो, हे खरे आहे, पण त्या आवाजातील साधा, किंचित संकोची सूर शाबूत आहे आणि गाण्यांना तोच हवा असतो. मला सर्वांत थक्क केले ते स्टीफन मॉरिस यांनी. यंत्राच्या ठेक्याशी स्पर्धा न करता, त्याच्या आत शिरून, दोन तडाख्यांमधील अंतर सूतभरही न हलवता ते वाजवत होते, आणि तरीही तो ठेका जिवंत माणसाचा आहे हे प्रत्येक क्षणी कळत होते.

पीटर हुक २००७ पासून बँडमध्ये नाहीत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने हे मनाशी ठरवूनच जावे. त्यांची बेस वरच्या सप्तकात, गायकामागच्या सारंगीसारखी, स्वतंत्र धून घेऊन चालत असे. आज टॉम चॅपमन त्या जागा प्रामाणिकपणे आणि स्वच्छ वाजवतात. मूळ हाताचा खरखरीतपणा त्यांत नाही, पण उणीव काही गाण्यांपुरतीच जाणवली.

'ट्रू फेथ', 'ब्लू मंडे' आणि 'टेम्प्टेशन' ही गाणी मुख्य भागाच्या शेवटाकडे आली. 'ब्लू मंडे'चा आरंभीचा ठेका मूळ ध्वनिमुद्रणात ओबरहाइम डीएमएक्स या ठेकायंत्रावर घेतलेला आहे. तो मी वर्षानुवर्षे कानांनी ऐकत आलो होतो. त्या मऊ जमिनीवर तो आधी तळपायांना लागला, मग पोटात, आणि कानांपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचला. याच कारणासाठी कानात घालायचे संगीताचे बोळे न्यावेत. फार्मसीतले फेसाचे बोळे वरचे स्वर खाऊन टाकतात, तर संगीतासाठी बनवलेले बोळे आवाज एकसारखा कमी करतात आणि धून शाबूत ठेवतात.

त्यानंतर जॉय डिव्हिजनची गाणी झाली आणि शेवट 'लव्ह विल टेअर अस अपार्ट'ने झाला. ऐंशीच्या दशकात हा बँड ती गाणी क्वचितच वाजवत असे, आणि १९९८ मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर त्यांनी ती मोकळेपणाने घेतली. माझ्या शेजारी साठी ओलांडलेले एक दांपत्य उभे होते. सबंध संध्याकाळ ती दोघे फारसे हलली नव्हती, पण या गाण्याच्या पहिल्या गिटारलाच त्यांनी एकमेकांचे हात धरले आणि शब्दन् शब्द म्हटला. आदल्या दिवशी कर्टिस यांचा दगड पाहून आल्यामुळे मला गाताच आले नाही. मी ऐकत राहिलो, आणि त्या गाण्यातील कीबोर्डची धून शब्दांपेक्षा किती उजळ आहे, हे प्रथमच माझ्या लक्षात आले.

परतीसाठी एक युक्ती उपयोगी पडली. सगळी गर्दी विदनशॉ पार्कच्या थांब्याकडे वळते, पण शहराकडे जाणारी ट्राम विमानतळाच्या बाजूने येते, म्हणून उलट, विमानतळाच्या दिशेने चालत मूर रोडच्या (बार्लो मूर रोडच्या नव्हे) थांब्यावर गेल्यास चढायला जागा मिळते. भाडे बँकेच्या कार्डाने चढण्याआधी आणि उतरल्यावर फलाटावरच्या यंत्रावर नोंदवायचे असते, आणि दुसरी नोंद विसरू नये. राहण्यासाठी डीन्सगेट-कॅसलफील्ड थांब्याजवळचा परिसर सोयीचा आहे, कारण ही ट्राम तेथून जाते आणि वर सांगितलेल्या शहरातील जागाही चालण्याच्या अंतरावर आहेत. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. पिकॅडिलीजवळच्या बंडोबस्त या भारतीय उपाहारगृहात वडापावसुद्धा मिळतो.

भारतातून जाणाऱ्यांनी सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसासाठी वेळेत अर्ज करावा. सर्वसाधारणपणे निर्णयाला तीन आठवडे धरतात, पण उन्हाळ्याच्या हंगामात हाताशी त्याहून अधिक वेळ ठेवावा, आणि तिकीट हाती आले म्हणून व्हिसाच्या आधी परत न मिळणारे विमानभाडे भरू नये. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबई-मँचेस्टर थेट सेवा सुरू केली. आपल्या तारखांना ती आहे का, हे पाहून घ्यावे. मैफलीची तिकिटे अधिकृत विक्रीतच घ्यावीत. ती संपली असतील तर ट्विकेट्ससारख्या, मूळ किमतीत पुनर्विक्री करणाऱ्या ठिकाणी शेवटच्या आठवड्यात रोज पाहत राहावे, कारण अनेकांचे बेत तेव्हाच बदलतात. न्यू ऑर्डर मोजक्याच मैफली करतो. तारखा जुळल्या नाहीत तर पीटर हुक अँड द लाइट या बँडचे कार्यक्रम पाहावेत. हुक त्यात जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डरचे संपूर्ण अल्बम क्रमाने वाजवतात, सभागृहे लहान असतात, आणि ती मूळ बेस तेथे हातभर अंतरावरून ऐकायला मिळते.