बाकीचा खडा कुठं गेला?

"भाऊ, खडा तर करंगळीएवढा होता. हे एवढंसंच परत? बाकीचा कुठं गेला?"

छत्रपती संभाजीनगरात सराफ्याच्या मागं माझं पैलूकामाचं छोटं दुकान आहे. तिथं हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. सोन्यातली घट लोक समजून घेतात, खड्यातली घेत नाहीत. पैलू पाडताना खडा एवढा घटतो कसा, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि तुरमलीचंच, म्हणजे टूरमलीन या रत्नाचंच सांगतो. सगळ्यात जास्त संशय तिच्यापायीच माझ्यावर आलाय.

आधी एक उरकून टाकतो. ती इथलीच का, असंही लोक विचारतात; तर अजिंठ्याच्या डोंगरात तुरमली मिळत नाही. आपली काळी बसाल्टची जमीन गारगोटी, अकीक, जमुनिया (जांभळा स्फटिक) देते. पैठणहून ओनिक्स, म्हणजे अकीकासारखे पट्ट्यांचे दगड भडोचच्या बंदराला जात, असं पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारी-पुस्तकात लिहिलंय. तुरमली मात्र ब्राझील, अफगाणिस्तान, नायजेरिया, मोझांबिककडची. पेग्माटाइट नावाच्या भरड खडकात ती वाढते.

परवा हाच प्रश्न विचारणाऱ्या ताईंची कांडी, म्हणजे तुरमलीचा कच्चा लांबट खडा, मोझांबिकची होती, भाच्यानं आणलेली. हिरवी, अंगावर उभ्या रेघा, टोकाकडून बघितली तर फुगीर बाजूंचा त्रिकोण. वजन ४ ग्रॅम, म्हणजे २० कॅरेट. पैलू पाडून हाती आले साडेचार. त्यांच्या कपाळावर आठी.

आता ती कांडी आडवी धरून उजेडाकडे बघा, छान हिरवी दिसेल. टोकाकडून आत बघा, तर बाटलीच्या बुडासारखी काळपट. एकच दगड, पण लांबीच्या दिशेनं जाणारा उजेड तो जास्त गिळतो. म्हणून खड्याचं तोंड, म्हणजे वरचा सपाट पैलू, लांबीला समांतर ठेवावं लागतं आणि टोकांचे पैलू चढे करावे लागतात, म्हणजे टोकाकडचा काळेपणा वर डोकावत नाही. तुरमली बहुतेक वेळा लांबट चौकोनी का दिसते, ते यातच आलं.

हे मी शिकलो ते दंड भरून. सुरुवातीच्या दिवसांत एका सराफानं जाड हिरवी कांडी दिली. मी हिशेब केला, टोकाकडून तोंड घेऊन गोल पाडला तर कमीत कमी माल जाईल. पाडला. वजन मस्त राहिलं, नऊ कॅरेट. पण खडा म्हणजे शर्टाचं काळं बटण! सराफ काही बोलले नाहीत, नुसता खडा माझ्यासमोर ठेवला. पैसे मी हप्त्यानं फेडले.

दिशेच्या पुढं तडा. तुरमलीत केसासारख्या बारीक भेगा असतात, काहींत पाणीही अडकलेलं असतं. मी कांडी पाण्यात बुडवून भिंगानं बघतो, तरी सगळ्या दिसतीलच असं नाही. गुलाबी-हिरवी दुरंगी तर कापतानाच कधी टचकन दुभंगते, तिच्या पोटात ताणच तेवढा. तापही सोसत नाही, म्हणून गरम लाखेऐवजी मी थंड गोंदानं ती पैलू पाडायच्या काडीवर बसवतो. दागिना दुरुस्तीला गेला, तर सोनाराला आधी खडा काढायला सांगा.

तापवली की ही बया वीज धरते. डच लोक तिनं चिलमीतली राख ओढून काढत. माझ्या काचेच्या कपाटात दिव्याखाली सगळ्यात आधी धूळ बसते ती हिच्यावरच.

तर बाकीचा माल कुठं गेला? दगड घासायच्या चकतीवरच्या पाण्यात. ताईंना पटेना. शेवटी मी चकतीखालच्या ताटातला करडा गाळ खरवडून वाळवला, कागदात बांधून त्यांच्या हातात दिला. आठवडाभरातली जमुनिया, अकीक, दोन स्फटिकही त्यातच होते, तेही सांगितलं.

त्यांनी पुडी तळहातावर तोलली आणि विचारलं, "यात आमचा किती?"