उलटा धरलेला गुण्या

फिटर या व्यवसायाचा मी १९ वर्षे निदेशक आहे, आणि एवढ्या काळात आपल्या मुलाला आनंदाने आमच्या कार्यशाळेत घेऊन आलेले पालक मी मोजकेच पाहिले आहेत. बहुतेक जण दुसरीकडे कुठे जमले नाही म्हणून येतात. त्या दिवशी आलेले वडील मात्र अगदी उलट काम घेऊन आले होते. त्यांच्या मुलीला शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळाले होते. पुढची दोन वर्षे पुन्हा परीक्षांच्या तयारीत घालवण्याऐवजी तिला फिटरचे काम शिकायचे होते, आणि मी तिला त्यापासून परावृत्त करावे, अशी त्यांची विनंती होती. "तुम्ही या क्षेत्रातले आहात, तुमचं ऐकेल ती," असे ते म्हणाले.

मी हो म्हणालो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. व्यवसाय शिक्षण म्हणजे नापासांची अडगळ नव्हे, हे मी प्रत्येक बैठकीत तावातावाने सांगत आलो आहे. गणित नको म्हणून मुलांना आमच्याकडे धाडणाऱ्या शिक्षकांवर माझा विशेष राग आहे, कारण एम १० चा, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचा, आटा पाडायचा तर दीड मिलिमीटरचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, वजा करून ८.५ मिलिमीटरचे भोक पाडायचे, इथपासून साइन बारवर, म्हणजे नेमका कोन साधण्याच्या पट्टीवर, कोन लावण्यापर्यंत आमचे सगळे काम गणितानेच चालते. असे असूनही इतके गुण मिळवलेली मुलगी समोर उभी राहिल्यावर 'ही इथे वाया जाईल' हाच विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला.

वडिलांचा एक प्रश्न मात्र रास्त होता: उद्या तिला पदवी घ्यावीशी वाटली तर काय? स्वित्झर्लंडमध्ये व्यवसाय शिकता शिकता किंवा नंतर एक जादा परीक्षा देऊन उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात जाता येते. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने घडी बसवलेल्या पद्धतीत उमेदवार कारखान्यात काम करतो आणि जोडीने व्यवसाय शाळेतही जातो. जिथे अशी वाट नियमांतच आखलेली असते, तिथे हा निर्णय एवढा जिवावर येत नाही. म्हणून मी त्यांना सांगितले, की प्रवेश घेण्याआधी आमच्या प्रमाणपत्रावर पुढे कुठे आणि कितव्या वर्षाला प्रवेश मिळतो, ते लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर, अगदी माझ्याही, विसंबू नका.

मुलीचे मन वळवण्यासाठी मी माझ्या मते हमखास उपाय योजला. १० मिलिमीटर जाडीचा मऊ पोलादाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळला, तिच्या हातात कानस दिली आणि एक कड सरळ व शेजारच्या कडेला काटकोनात करायला सांगितले. कानस पुढे जातानाच कापते, मागे येताना भार द्यायचा नसतो. पुढे जाताना डाव्या हाताचा भार हळूहळू कमी करत उजव्याचा वाढवावा लागतो, नाहीतर कानस झोके खाते आणि कडेला मध्ये फुगवटा येतो. हे ऐकायला सोपे असले, तरी हाताला कळायला कित्येक आठवडे लागतात. हातावर फोड आले की ही आपण होऊन परत जाईल, असा माझा हिशेब होता.

पाऊण तासाने ती तुकडा घेऊन आली. मी तो माझ्या गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनाला, लावून उजेडासमोर धरला, आणि अपेक्षेप्रमाणे एका टोकाला प्रकाशाची बारीक रेघ दिसली. "काटकोन नाही," मी म्हणालो. तिने तुकडा आणि गुण्या दोन्ही हातात घेतले, थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "सर, फट दोघांच्या मध्ये आहे. मग चूक तुकड्याचीच आहे, हे कशावरून?"

या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच महिन्याच्या पाठात आहे. पत्र्याला निळा रंग लावायचा, त्याच्या सरळ कडेला गुण्याचा दांडा टेकवून स्क्रायबरने रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारायची. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकच होतात, नसेल तर त्याची चूक दुप्पट होऊन दिसते. मी मोठ्या ऐटीत तिला हे करून दाखवले. दोन रेघा एका बिंदूतून निघाल्या आणि १०० मिलिमीटरवर त्यांच्यात जवळजवळ ०.३ मिलिमीटरचे अंतर पडले.

तिचा तुकडाही काही नेमका नव्हता, पहिल्या दिवशी कुणाचाच नसतो. पण माझा गुण्या त्याहून वाईट होता. तो कधीतरी कुणाच्या तरी हातून पडला असणार. मोजमापाच्या साधनांची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, म्हणजे नोंदवहीत तशी नोंद होते. भांडारपाल पेटी न उघडता रकाना भरतो, यावर मी एरवी बराच बोललो असतो, पण त्या रकान्याशेजारची सही माझीच आहे.

मुलीने जाताना प्रवेशअर्ज नेला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरीकडचाही अर्ज भरून ठेवला आहे, असे नंतर कळले.

संध्याकाळी मी टर्नर विभागातून एक गुण्या मागून आणला, आधी तो उलटा करून तपासला, आणि या वर्षीचे सगळे जॉब, म्हणजे मुलांनी घासून दिलेले तुकडे, काढून पुन्हा मोजले. मी नाकारलेल्या नऊंपैकी चार काटकोनात होते. उत्तीर्ण केलेल्यांत काही असे निघाले, की मुलांनी ते केवळ माझ्या गुण्याला जुळेपर्यंत घासले होते.

त्या चारांतल्या एकावर १७ हा हजेरी क्रमांक पंच केलेला आहे. हा मुलगा तीनदा तोच जॉब घेऊन आला होता आणि तिसऱ्या वेळी म्हणाला होता, "माझ्या गुण्याला बरोबर बसतंय, सर." तुझा गुण्या पडला असेल, असे मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो, आणि तुझा हात या कामाचा नाही, तू आपली पुस्तकाचीच परीक्षा दे, असेही. दोन महिन्यांपूर्वी त्याने दाखला नेला. त्याचा जॉब मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. त्याच्या घरचा क्रमांक नोंदवहीत आहे, आणि फोनवर पहिले वाक्य कोणते बोलायचे, ते मला अजून सुचलेले नाही.